साडभाऊंची दुनळी

बंदूक घ्यायची, असं साडभाऊंनी ठरवलं ते 2018 च्या कापूस वेचणीत. साडभाऊ म्हणजे प्रस्तुत लेखकाचे साडू. केळापूर तालुक्यात, टिपेश्वर अभयारण्याच्या हद्दीपासून सहासात किलोमीटरवर त्यांची शेती आहे. काळी जमीन, कापूस, मधेमधे तुरीच्या ओळी, एका अंगाला नाला आणि नाल्यापलीकडे सागाचं रान. हे सहासात किलोमीटर वाचकांनी ध्यानात ठेवावेत, पुढे त्यांना फार महत्त्व येणार आहे.

ते दिवसच तसे होते. राळेगाव, केळापूरच्या पट्ट्यात दोन वर्षांत तेरा माणसं गेली होती आणि वनखात्याचा संशय मुख्यतः एकाच वाघिणीवर होता. खात्याच्या कागदावर ती टी-1, प्राणिमित्रांच्या लेखी ‘अवनी’, आणि गावात तिचं नाव घ्यायलाच कोणी धजत नव्हतं. बायका वेचणीला एकट्यादुकट्या जाईनात. जायचं तर टोळीनं, मागेपुढे लाठ्या घेतलेली माणसं, आणि उन्हं कलायच्या आत घरी. पांढऱ्या झालेल्या कापसाला मात्र यातलं काही कळत नव्हतं. तो बोंडातून लोंबत होता आणि साडभाऊ बांधावर उभे राहून त्याच्याकडे लांबूनच पाहत होते.

“आपल्याले बंदूक पायजे,” ते म्हणाले. “वाघ दिसला का ठो.”

“आणि नाही दिसला तर?” मेहुणीनं विचारलं. हा प्रश्न त्या वेळी कोणी मनावर घेतला नाही.

वास्तविक या विषयाचा अभ्यास साडभाऊंच्या आधी सरकारनं करून ठेवला होता, तोही सरकारी खर्चानं. वाघिणीला जमल्यास बेशुद्ध करून पकडावं, नाहीच जमलं तर गोळी घालावी, या वनखात्याच्या आदेशात हात घालायला सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2018 मध्ये नकार दिला आणि रानात जत्रा भरली. शंभरावर कॅमेरे झाडांना बांधले गेले. ड्रोन उडाले. मोटर लावलेलं पॅराग्लायडर आलं. एका नामवंत गोल्फपटूचे केन कॉर्सो नावाच्या इटालियन जातीचे दोन कुत्रे आले. हत्तीही आले होते, पण ताडोब्याहून आणलेला एक हत्ती रात्री साखळी तोडून निघाला आणि त्यानं एका महिलेचा जीव घेतला, तेव्हा हत्तींना परत पाठवावं लागलं.

शेवटी आलं अत्तर. ‘कॅल्विन क्लाइन’ कंपनीचं, ‘ऑब्सेशन फॉर मेन’. ही थट्टा नव्हे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात 2003 च्या सुमारास चित्त्यांपुढे निरनिराळी अत्तरं शिंपडून पाहिली होती, त्यांत चित्ते सर्वांत जास्त वेळ रेंगाळले ते याच अत्तरापाशी. जवादी मांजराच्या ग्रंथीत असतो त्या जातीचा गंध त्यात आहे, म्हणून मांजरकुळाला त्याची भूल पडते, असं सांगतात. पुढे जग्वारांचे फोटो काढायलाही ते मध्य अमेरिकेच्या जंगलात वापरलं गेलं. ही बातमी पेपरात वाचल्यापासून साडभाऊंनी जावयानं दिलेली सेंटची बाटली कपाटात कुलूपबंद केली. वास कुठला आहे याची त्यांनी खात्री केली नाही. अशा बाबतीत धोका पत्करू नये, असं त्यांचं मत पडलं.

2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीच्या रानात वाघीण मारली गेली. गोळी हैदराबादच्या असगर अली खान यांची. मग प्रश्नांची रांग लागली. बेशुद्धीचा डार्ट आधी मारला होता का? वाघीण अंगावर येत होती, की आडवी उभी होती? पशुवैद्यक जागेवर का नव्हता? समित्या नेमल्या गेल्या, अहवाल आले, वाद न्यायालयापर्यंत गेला. तज्ज्ञ नेमबाज, गाडी आणि अख्खं सरकार पाठीशी असताना एका गोळीचा हिशेब असा वर्षानुवर्षं लागत नसेल, तर तुरीच्या ओळीत एकट्या उभ्या असलेल्या साडभाऊंचा काय लागणार, असं कोणालाही वाटलं असतं. साडभाऊंना वाटलं नाही. वाघीण गेली तरी त्यांची बंदूक मनातून गेली नाही. “एक गेली,” ते म्हणाले, “रान तं तेच हाय ना.” यात तथ्य होतं. टिपेश्वर जेमतेम दीडशे चौरस किलोमीटरचं अभयारण्य, आणि तिथे वाघांची पैदास उत्तम.

बंदूक निवडायला ते नागपूरला गेले, सोबत प्रस्तुत लेखक. दुकान जुनं. लाकडी काउंटर, मागे काचेची कपाटं आणि कपाटांत उभ्या केलेल्या बंदुका. तेलाचा वास शिवणयंत्राच्या तेलासारखा. दुकानदार वयस्कर आणि बोलायला फार मोजका होता.

“जंगलासाठी पाहिजे,” साडभाऊ म्हणाले. “वाघाच्या मापाची.”

दुकानदारानं काही न बोलता एक दुनळी बाहेर काढली, मोडून आत काही नाही ना ते पाहिलं, साडभाऊंनाही दाखवलं आणि हातात दिली. बारा बोअर. हा आकडा कुठून आला हे साडभाऊंना ठाऊक नव्हतं, म्हणून दुकानदारानं सांगितलं. नळीत बरोबर बसेल एवढ्या शिशाच्या गोळ्या ओतायच्या. एका पौंडात अशा बारा झाल्या तर ती बारा बोअर. म्हणजे आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक. साडभाऊंचा व्यवहार आयुष्यभर क्विंटलमध्ये झालेला. त्यांना हा उलटा हिशेब बाजार समितीतल्या कटतीसारखा वाटला आणि दुकानदाराबद्दल त्यांच्या मनात एक बारीकसा संशय उभा राहिला.

त्यांनी बंदूक खांद्याला लावली. तीन किलोंच्या आसपास वजन. दस्त्याचं लाकूड गालाला थंड लागलं. डावा डोळा मिटायचा तर त्यांचा उजवाही मिटत होता. दोन्ही उघडे ठेवले तेव्हा समोर दोन माश्या आणि चार नळ्या दिसू लागल्या. नळीचं टोक हळूहळू फिरत भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, तिथून पंख्याकडे आणि शेवटी प्रस्तुत लेखकाच्या पोटापाशी येऊन थांबलं.

“नळी खाली,” दुकानदार म्हणाला. “रिकामी असली तरी खाली.”

बंदुकीबाबत त्या दिवशी मिळालेली सर्वांत उपयोगी माहिती हीच. पुढे कळलं की 2016 च्या शस्त्र नियमांनी परवाना मागणाऱ्याला शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण सक्तीचं केलं आहे, ते काही उगीच नव्हे.

मग रायफल पाहिली. .315 ची, इच्छापूरच्या सरकारी कारखान्याची. हिची गोष्ट गमतीची आहे. इंग्रजी फौजेची रायफल .303 ची. तिची काडतुसं नेटिवांच्या घरात नकोत, म्हणून फौजेत न चालणाऱ्या मापाच्या रायफली सामान्य माणसासाठी ठेवल्या गेल्या. इंग्रज गेले, पण .303 आजही साध्या परवान्यावर मिळत नाही आणि .315 मिळते. साडभाऊंना हा इतिहास आवडला, पण रायफलीची गोळी फार लांब जाते हे ऐकल्यावर ते विचारात पडले. त्यांच्या शेतात नेम चुकला तर गोळी नाल्यापलीकडे जाणार, आणि नाल्यापलीकडे चुलतभावाचा गोठा. चुलतभावाशी बांधाच्या वादाची तारीख पांढरकवड्याच्या कोर्टात चालूच होती. नेम चुकला म्हणून सांगितलं असतं तर कोणाचा विश्वास बसला असता?

“हलकं काही?” त्यांनी विचारलं.

दुकानदारानं .32 च्या रिव्हॉल्वरचं नाव काढलं. कानपूरच्या कारखान्यानं 2014 मध्ये खास महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचं अर्धा किलोचं रिव्हॉल्वर काढलं, किंमत सव्वा लाखाच्या घरात. नाव उत्तम. फक्त एवढंच की, दीडशे-दोनशे किलोचा वाघ अंगावर येत असताना हे शस्त्र ज्याच्या हातात आहे, त्या दोघांपैकी निर्भीक कोण, हा प्रश्न उरतो. रिव्हॉल्वर हे माणसानं माणसासाठी काढलेलं हत्यार आहे, वाघाला त्याची काही खबर नाही. साडभाऊंनी किंमत ऐकून आपण होऊनच विषय बदलला. सव्वा लाखात विहिरीचं काम होतं.

दुकानदारानं शेवटी विचारलं, “परवाना आणलाय?”

“थो काढाचाच हाय. पयले बंदूक ठरवू.”

दुकानदारानं दुनळी पुसली, कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

परतीच्या प्रवासात एसटीत साडभाऊंनी जिम कॉर्बेटचा विषय काढला. सगळ्या बंदूकप्रेमींचा युक्तिवाद शेवटी कॉर्बेटपाशी येऊन थांबतो. चंपावतची वाघीण, चारशे छत्तीस बळी, 1907 साल. पण कॉर्बेटनं स्वतः लिहून ठेवलेला शेवट कोणी लक्षात ठेवत नाही. त्या दिवशी त्याच्याकडे तीनच काडतुसं होती आणि तिन्ही संपली. वाघीण अजून उभीच. तेव्हा तो पळत तहसीलदाराकडे गेला आणि त्याची बंदूक उसनी घेतली. ती इतकी खिळखिळी की, नळी आणि खालचा भाग यांच्यामध्ये चांगली फट पडलेली. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध नरभक्षक वाघिणीचा शेवट अशा उसन्या, तहसीलदारी बंदुकीनं झाला. आता केळापूरच्या तहसीलदाराकडे अशी बंदूक असण्याची शक्यता नाही. शिवाय कॉर्बेटच्या मागे पाचपन्नास नव्हे, शेकडो गावकरी डबे-ढोल बडवत आणि आरोळ्या देत हाका करत होते, हाही तपशील साडभाऊंनी सोयीनं गाळला. हे आरोळ्यांचं प्रकरण पुढे येणार आहे.

सव्वा लाख नाहीत, रायफलीला चुलतभाऊ आड येतो, मग उरली ती दुनळी, नाहीतर ठासणीची. गावातल्या एका म्हाताऱ्याकडे बापाच्या वेळची एक होती, परवान्यासकट. ती कशी चालते ते म्हाताऱ्यानं अंगणात बाजेवर बसून, दारू न घालता, नुसतं करून दाखवलं. नळी उभी धरायची. तोंडातून मापानं दारू ओतायची. चिंधीचा बोळा घालायचा. गजानं ठासायचं. छर्रे टाकायचे. पुन्हा बोळा. पुन्हा ठासायचं. गज बाहेर काढायचा, कारण तो आत राहिला तर तोही उडतो. मग घोडा अर्धा ओढून निपलवर टोपी बसवायची. मग घोडा पुरता ओढायचा. मग नेम. एवढ्यात म्हाताऱ्याला दोनदा खोकला आला आणि एकदा सुनेनं चहाला बोलावलं.

“अन् थोवर वाघ का करते?” साडभाऊंनी विचारलं.

“आमच्या टायमाले वाघ थांबे,” म्हातारा म्हणाला.

पावसाळ्यात दारू ओली झाली तर घोडा पडतो, ‘टक्’ आवाज होतो आणि पुढे काही होत नाही. म्हाताऱ्याच्या मते यवतमाळ जिल्ह्यातल्या बहुतेक शिकारी या ‘टक्’पाशीच संपल्या.

गंमत अशी की, कायद्याला ही ठासणी फार प्रिय आहे. शस्त्र अधिनियम 1959 चं कलम 13 पाहा. स्वसंरक्षणासाठी वीस इंचांहून कमी नाही अशा नळीची, आतून गुळगुळीत बंदूक, किंवा पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, या दोहोंसाठी कायद्यानं त्यातल्या त्यात सोपी वाट ठेवली आहे. बाकी हत्यारांना सबळ कारण दाखवावं लागतं. म्हणजे साडभाऊंची निवड साडभाऊंनी करायच्या आधी संसदेनं साठ वर्षांपूर्वीच करून ठेवली होती. नागपूरची वारी नुसती तिकिटाची नासाडी. वय एकवीस पूर्ण, पोलीस चौकशी, वैद्यकीय दाखला, प्रशिक्षणाचा दाखला आणि मग जिल्हाधिकारी. 2019 च्या दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं केली आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका असं ठरवलं. आधी तीन चालत. तिसरी कमी झाली याचं साडभाऊंना मनापासून वाईट वाटलं, पहिलीचा पत्ता नसताना.

अर्ज भरायला एक वकील गाठला. वकिलानं शेताचा पत्ता विचारला, मोबाइलवर नकाशा काढला, बोटानं अंतर मोजलं आणि चष्मा काढून ठेवला. आता ते सहासात किलोमीटर. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972, कलम 34. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत, मुख्य वन्यजीव रक्षकाची आधी संमती घेतल्याशिवाय शस्त्राचा नवा परवाना देता येत नाही. मुख्य वन्यजीव रक्षक बसतात नागपूरला. तात्पर्य असं की, वाघापासून अकरा किलोमीटरवर राहणाऱ्याला बंदूक मिळणं सोपं आणि सात किलोमीटरवाल्याला अवघड. साडभाऊंना हे कळेना. पण कायदा करणाऱ्यांचं बरोबर होतं. त्यांच्या हिशेबी वाघाच्या जवळ राहणारा माणूस हा वाघाचा पहिला शेजारी नसून पहिला संशयित असतो, आणि 1972 च्या आधीचा विदर्भाचा शिकारीचा इतिहास पाहिला तर त्यांना दोष देता येत नाही.

“मिळाली समजा,” वकील म्हणाला. “नेणार कुठे? कलम 31. लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार घेऊन पाऊल टाकता येत नाही. म्हैस आत गेली तर म्हशीमागे तुम्ही जाल, बंदूक हद्दीवर ठेवावी लागेल.”

“कोणापाशी?”

“ते कायद्यात नाही.”

मग वकिलानं कलम 11 उघडलं. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवायला सद्भावनेनं वाघ मारावा लागला तर तो गुन्हा नाही. साडभाऊंचा चेहरा उजळला. वकिलानं पुढची ओळ वाचली. मात्र त्या क्षणी तुम्ही याच कायद्याचा दुसरा कुठला भंग करत असाल, तर ही सवलत नाही. म्हणजे बंदूक घेऊन अभयारण्यात शिरलात आणि वाघ अंगावर आला, तर आधी शिरल्याचा गुन्हा आणि मग वाघाचा. शिवाय मारलेला वाघ सरकारजमा. साडभाऊंना वाघाचं काही नको होतं, पण ‘सरकारजमा’ हा शब्द त्यांना जमिनीच्या संदर्भात फार परिचयाचा असल्यानं त्यांनी आपला सातबारा घाईघाईनं पिशवीत टाकला.

इथे थोडं गणित. वाघ धाव घेतो तेव्हा ताशी पन्नासच्या वेगानं येतो असं धरलं, तर एका सेकंदात चौदा मीटर. कापसात किंवा तुरीत दहा-बारा मीटरपलीकडचं दिसत नाही, आणि वाघ सहसा मागूनच येतो, तेव्हा तेवढंही नाही. म्हणजे साडभाऊंच्या वाट्याला एक सेकंद. रस्त्यानं बंदूक न्यायची तर ती झाकून न्यावी असा नियम आहे, आणि शेतकामात ती बांधावरच्या बाभळीला टेकवलेली असणार. हात बोंडांत गुंतलेले, कमरेला वेचणीची ओटी. आता त्या एका सेकंदात बाभळीपाशी जायचं, खोळ काढायची, दुनळी मोडायची, काडतुसं घालायची, बंद करायची, दोन्हीपैकी बरोबर तो डोळा मिटायचा. अलास्कामध्ये अस्वलांशी गाठ पडलेल्या माणसांचा अभ्यास झाला आहे. टॉम स्मिथ या संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये बंदुकीची अडीचशेवर प्रकरणं तपासली, तेव्हा बंदूक वापरणारे आणि न वापरणारे यांच्या दुखापतींत म्हणावा असा फरक निघाला नाही. त्याआधी 2008 मध्ये त्यांनीच फवाऱ्याचा अभ्यास केला होता. तपकिरी अस्वलांवर तो दहापैकी नऊहून जास्त वेळा चालला. आणि तो फवारा कशाचा? मिरचीच्या अर्काचा. भिवापुरी मिरचीच्या मुलखातल्या माणसाला ही बातमी अमेरिकेहून कळावी, याचं साडभाऊंना जरा लागलंच. मेहुणीनं मात्र “मी रोजच म्हणते, मिरची खाऊन कोणी मरत नाही, पळते,” एवढंच म्हटलं. आपल्याकडच्या वाघांवर हा फवारा कोणी आजमावल्याचं ऐकिवात नाही, आणि पहिला प्रयोग करायला साडभाऊ तयार नव्हते.

फवाऱ्यावरून आठवलं, आणि ही गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही. 2017 च्या पावसाळ्यात याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. एका हंगामात. वाघिणीच्या नावावर दोन वर्षांत लागलेल्या बळींपेक्षा जास्त. त्या पंपाला परवाना लागत नाही. त्याच्यासाठी ड्रोन आला नाही की अत्तर. साडभाऊंचा पंप गोठ्याच्या खुंटीला टांगलेला असतो, त्याच्या शेजारी त्यांनी मनातल्या मनात बंदुकीसाठी दुसरी खुंटी ठोकून ठेवली होती.

रानात रोज जाणारी माणसं काय नेतात, हे मग एकदा नीट पाहिलं. कोलाम पोडावरची माणसं मोहफुलाला, तेंदूच्या पानाला जातात ती खांद्यावर कुऱ्हाड आणि तोंडाला बोलणं घेऊन. चारपाच जण, सारखे बोलत, मधेच हाक देत. गुराख्याच्या हातात काठी आणि गुरांच्या गळ्यात घंटा. वनखात्याचा वनरक्षक, ज्याची नोकरीच जंगल, तोही बहुधा लाठीवर असतो. आणि टिपेश्वरात पर्यटकांना फिरवणाऱ्या गाइडकडे काय असतं? दुर्बीण. याच जिल्ह्यात जंगलात नेलेल्या सर्वांत गाजलेल्या हत्याराचं नाव तर विळा. जुलै 1930 मध्ये लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत त्यानं कापलं आणि इंग्रज सरकार हललं, तुरुंग भरले. गवत कापलं जायच्या आधी वाघांची काळजी कोणी केल्याची नोंद नाही.

वाघांचंही म्हणणं ऐकायला हवं. टिपेश्वरातच जन्मलेला एक तरुण नर, टी-1-सी-1. याची आई वेगळी, नावातला टी-1 वेगळा, घोटाळा करू नये. 2019 मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातली आणि पावसाळ्याच्या सुमारास तो जागा शोधत निघाला. कधी तेलंगणाच्या हद्दीत, कधी हिंगोलीत, कधी वाशीमकडे, करत करत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तेराशे किलोमीटरहून जास्त. भारतातल्या वाघाची एवढी लांब चाल तोवर कोणी नोंदवली नव्हती. तो गेला कुठून? सोयाबीनमधून, कापसातून, रस्ते ओलांडून, गावांच्या कडेनं, रात्री. दिवसा नाल्यात झोपून. ज्यांच्या बांधावरून तो गेला त्यांतल्या बहुतेकांना दुसऱ्या दिवशी फक्त पाऊलखुणा दिसल्या, त्याही दिसल्या तर. एवढ्या साऱ्या शेतकऱ्यांनी त्या रात्री उशाला बंदुका ठेवल्या असत्या तर तो वाशीमही गाठता ना, असं साडभाऊंना सांगितलं. ते म्हणाले, “माया बांधावरून गेला असंन का?” आवाजात भीतीपेक्षा अभिमान जास्त होता.

अर्ज तरीही गेला. साडभाऊ ठरवलं ते सोडत नाहीत, बांधाची केस अकरा वर्षं चालू आहे ती त्यामुळेच. त्याच सुमारास त्यांना निवडणुकीचं कळलं. आचारसंहिता लागली की परवानाधारकांची छाननी होते आणि ज्यांना सांगण्यात येईल त्यांना बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. 2019 मध्ये एप्रिलात लोकसभा, ऑक्टोबरात विधानसभा. दोन्हींच्या मध्ये पेरणी, आणि दुसरी नेमकी वेचणीच्या तोंडावर. म्हणजे ज्या दिवसांत बंदूक हवी त्याच दिवसांत ती ठाण्यात. “वाघाले आचारसंहिता लागू नाई का?” त्यांनी ठाण्यातल्या ओळखीच्या हवालदाराला विचारलं. हवालदारानं खूप विचार केला आणि सांगितलं की, तसा आदेश अजून आलेला नाही.

वास्तविक साडभाऊंचं खरं नुकसान वाघ करतच नव्हता. रानडुकरं तूर उकरत होती, रोही सोयाबीन खात होते. त्यांच्यासाठी गावानं जे जे करून पाहिलं त्याची यादी मोठी आहे: मचाण, जागल, बॅटरी, सुतळी बॉम्ब, जुन्या साड्यांचं कुंपण. काहींनी सौर झटका मशीन घेतलं. त्या तारेत वीज ठोक्याठोक्यानं येते, जनावर दचकून मागे सरतं, मरत नाही. काही जण मात्र खांबावरची वीज थेट तारेत सोडतात. त्यानं विदर्भात वाघ मेले आहेत, आणि तार विसरून बांधावर गेलेली माणसंही. अशांना साडभाऊ रागानं बोलतात आणि ते बरोबर करतात.

तर बंदुकीची वाट पाहता पाहता साडभाऊ जागलीला जाऊ लागले. चार शेतांचं मिळून एक मचाण, पाळीनं दोघं. पहिल्याच रात्री त्यांनी सोबत्याला कलम 13 सांगितलं, मग 34, मग 31, वकील कसा चष्मा काढून बसला ते, मग म्हाताऱ्याची ठासणी आवाजासकट. मूळचा आवाज मोठा, त्यात नाल्यामुळे घुमतो. सकाळी पाहिलं तर सोयाबीनला तोंड लागलेलं नव्हतं. दुसऱ्या रात्री नियमांची उजळणी झाली, चुलतभावावर विशेष टिप्पणीसह. तेव्हाही डुकरं नाल्याच्या अलीकडे आली नाहीत. तेव्हापासून गावात जागलीसाठी त्यांना मागणी आली. हाकारे पूर्वी शेकड्यानं लागत, इथे एकट्यात काम होतं. अर्जाचं काय झालं ते अजून कळलेलं नाही, पण 2016 चे शस्त्र नियम आता साडभाऊंना पाठ आहेत आणि तुरीच्या हंगामात रात्री दहानंतर ते चार शेतांवर ऐकू येतात. त्यांच्या पाळीचा सोबती मात्र दर आठवड्याला बदलतो, आणि चुलतभावानं आपला गोठा नाल्यापासून दोनशे मीटर मागे नेला आहे. बांधाच्या केसमध्ये साडभाऊंचा वकील त्याचा काय अर्थ लावतो, ते पुढच्या तारखेला कळेल.